पहिलं धुवण

मनियार सर काचेचं कुठलंही भांडं हातात घेतलं की आधी त्याला नखानं टिचकी मारायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. आवाज पसंत पडला तर भांडं टेबलावर, नाही पडला तर थेट कोपऱ्यातल्या खोक्यात. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे वडील राहाता तालुक्यातल्या आठवडे बाजारांत बांगड्या भरायचे. माझं माहेर पुणतांब्याचं. "आमच्या आईनंही तुमच्या वडिलांकडूनच बांगड्या भरल्या असतील," असं मी एकदा म्हटलं, तर सर म्हणाले, "मग आईंचं माप अब्बांना पाठ असणार. त्यांना माणसं नावानं नाही, मनगटानं लक्षात राहायची."

नगरच्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे, तिथे सर रसायनशास्त्राचे विभागप्रमुख होते. पहिली पाच-सहा वर्षं आमचा संबंध परीक्षेच्या ड्यूटीपुरता. मी तोंडानं फटकळ, आणि सर इतके हळू बोलायचे की समोरच्याला आपला आवाज उगाच मोठा वाटावा. एके दिवशी, मी काचेच्या ताटल्यांत पेशी वाढवायचे त्या खोलीच्या दारात ते उभे राहिले. चपला आधीच बाहेर काढलेल्या. खिशातून एक छोटी बाटली काढून म्हणाले, "मॅडम, तुमच्या पेशींकडे पाहुणा पाठवायचाय. घ्याल का घरात?"

बाटलीत डाळिंबाच्या रसासारखं लालभडक पाणी होतं. मी विचारलं, हे काय? म्हणाले, सोनं. मला वाटलं सर चेष्टा करतायत. ते चेष्टा करत नव्हते. सोनं फार बारीक केलं, म्हणजे केसाच्या जाडीत हजारो कण शेजारी शेजारी बसतील इतकं बारीक, की ते पिवळं राहत नाही. पाण्यात लाल दिसतं. सरांनी त्या कणांच्या अंगावर एक चमकणारं द्रव्य चिकटवलं होतं. कण पेशीच्या आत शिरला की तिथे आंबटपणा किती आहे त्याप्रमाणे ते कमी-जास्त चमकायचं आणि आतली खबर बाहेर द्यायचं. कर्करोगाच्या पेशीचं आतलं गणित बिघडलेलं असतं, ते असं बाहेरून वाचता येतं. खबर मिळाली की मग वरून हिरव्या लेझरचा उजेड टाकायचा. सोनं तो उजेड पितं, तापतं, आणि ज्या पेशीत बसलंय तिला जाळतं. एकच कण हेर आणि तोच शिपाई.

"आधी विचारपूस, मग हात," सर म्हणायचे. "आपल्याकडे उलटं चालतं, म्हणून मला हा कण आवडतो."

त्या दिवसापासून कण त्यांचे आणि पेशी माझ्या. आणि भांडी हौसाबाईंची.

हौसाबाई म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या परिचर. नवरा लवकर गेला, त्याच्या जागी त्या लागल्या. सुप्याच्या अलीकडच्या गावातून रोज एसटीनं यायच्या. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. शिक्षण चौथी, पण सरांच्या त्या प्रयोगशाळेत त्यांच्याइतकं महत्त्वाचं माणूस दुसरं नव्हतं, हे मी आमच्या प्राचार्यांसकट सगळ्यांना धरून सांगते. कारण हे कण फार नखरेल. भांड्याला साबणाचा अंश राहिला, बोटाचा ठसा राहिला, नळाच्या पाण्याचा एक थेंब राहिला, तरी लाल पाणी बघता बघता जांभळं होतं, मग निळसर, आणि सकाळपर्यंत तळाशी काळा गाळ. आमच्या नगरच्या पाण्यात क्षार किती, ते ज्यानं इथे बादली घासली त्याला विचारा.

म्हणून सरांनी धुण्याचे नियम घातले होते. तीव्र आम्लात भांडी बुडवण्याचं काम सर स्वतः करायचे, त्याला हौसाबाईंना हात लावू द्यायचे नाहीत. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं त्यांचं. नंतरची सात पाणी, तीही शुद्ध केलेल्या पाण्याची. आणि आधीचं पहिलं धुवण, म्हणजे कण करून झाल्यावर भांड्याला चिकटून राहिलेलं गुलाबी पाणी, ते मोरीत ओतायचं नाही. खिडकीखालच्या मोठ्या बाटलीत साठवायचं. सोनं टाकून द्यायचं नसतं, एवढाच त्यामागचा हिशेब. हौसाबाई ते पाणी थेंबही न सांडता बाटलीत ओतायच्या आणि ओतताना पदर खांद्यावर नीट करायच्या, जसा देवापुढे करतात.

सर त्यांना हौसाताई म्हणायचे आणि सगळं समजावून सांगायचे. विद्यार्थ्यांना सांगावं तसं, कणभरही सोपं न करता. मला ते थोडं जादा वाटायचं. एकदा दुपारी मी गेले तर सरांनी खिडकीत लोलक धरला होता आणि भिंतीवर सात रंगांचा पट्टा पडला होता.

"ह्यो हिरवा," हौसाबाई बोट ठेवून म्हणाल्या, "म्हंजे आपल्या मशीनीतला तोच का?"

"तोच."

"मंग उनात बी हाय की."

"आहेच. उन्हात सगळेच आहेत," सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की एम.एस्सी.च्या पोरांनी दहा वर्षांत तो तसा फुलवला नसेल. "मॅडम, ऐकलंत? हा प्रश्न मला आजवर एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता."

मी हसले. आज त्या हसण्याची मला लाज वाटते, पण तेव्हा काय माहीत.

हौसाबाई मिश्री लावायच्या. सकाळी घरी एकदा, मग जेवणानंतर मागच्या पायरीवर बसून. डबी खिडकीच्या चौकटीवर असायची. प्रयोगशाळेच्या आत आणायची नाही, एवढाच सरांचा नियम. "ताई, हे सोडा," असं सर अधूनमधून म्हणायचे, त्या "सोडते की" म्हणायच्या, आणि दोघंही कामाला लागायचे. मी प्राणिशास्त्राची. त्या तंबाखूच्या राखेनं गालाच्या आतल्या कातडीचं काय होतं ते दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचे. पण मागच्या पायरीवर बसलेल्या बाईला मी एकदाही बसवून, डोळ्यांत बघून सांगितलं नाही. हे मी लपवणार नाही.

मग तो दिवस आला, ज्या दिवशी आमचं पहिल्यांदा जमलं. ताटलीत कर्करोगाच्या पेशी, त्यांच्या पोटात सरांचे कण, वरून हिरवा उजेड. थोड्या वेळानं मी मृत पेशींना निळं करणारा रंग टाकला आणि सूक्ष्मदर्शकात बघितलं. उजेडाचा गोल जिथे पडला होता तेवढ्याच जागेतल्या पेशी निळ्या, बाहेरच्या जिवंत. गोल असा की कंपासनं काढावा. सरांनी बघितलं, बाजूला झाले आणि म्हणाले, "हौसाताई, या. तुमच्या भांड्यांनी केलंय हे."

हौसाबाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "समद्या मेल्या?" त्यांनी विचारलं.

"गोलातल्या सगळ्या."

"अन् न कापता."

"न कापता," सर म्हणाले.

शेजारच्या दुसऱ्या ताटलीत मी निरोगी पेशी ठेवल्या होत्या. त्यांच्यातही कण शिरले होते आणि त्यांच्याही निम्म्याअधिक मेल्या होत्या. म्हणजे आमचा कण खबर काढायला शिकला होता, पण घर चुकू नये एवढी अक्कल त्याला अजून आलेली नव्हती. सरांनी ते शोधनिबंधात सरळ लिहिलं. पण प्राचार्यांनी बोलावलेल्या वार्ताहरानं दुसऱ्या ताटलीबद्दल विचारलं नाही आणि आम्हीही होऊन सांगितलं नाही. बातमी आली: सोन्याच्या कणांनी कर्करोगावर मात. सोबत फोटो. मधे सर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लाल पाण्याचा चंबू दोन्ही हातांनी धरलेल्या हौसाबाई. सरांनीच त्यांना ओढून फोटोत उभं केलं होतं. हौसाबाईंनी ते कात्रण लॅमिनेशन करून घरात लावलं. सरही खूश होते. माणूसच ते, त्यांना खूश होण्याचा हक्क होता, असं मी अजूनही म्हणते. ते स्वतः मात्र पुढे कधीच तसं म्हणाले नाहीत.

त्यानंतर वर्षभरानं खिडकीखालच्या बाटलीतलं पाणी कमी व्हायला लागलं.

सरांच्या ते लगेच लक्षात आलं. बाटलीवर ते पेनानं रेघ मारून ठेवायचे. त्यांना वाटलं, कुणी विद्यार्थी मोरीत ओतत असणार. सर कधी चिडत नसत, पण त्या आठवड्यात चिडले. वर्गावर जाऊन बोलले. हौसाबाईंनाही विचारलं. त्या "न्हाई बा" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्या दिवसांत त्या फार कमी बोलायच्या आणि डबा न खाता परत न्यायच्या. दात दुखतो म्हणायच्या.

एका दुपारी, साडेबाराचा तास संपवून मी सरांकडे गेले. ते खिडकीशी उभे होते. मी आत आले ते त्यांना कळलं नाही, म्हणून मीही त्यांच्या मागे जाऊन बाहेर पाहिलं.

मागच्या पायरीवर हौसाबाई बसल्या होत्या. हातात स्टीलचा पेला. पेल्यातलं पाणी त्यांनी तोंडात घेतलं, डाव्या गालात धरलं, मनाशी काहीतरी मोजत राहिल्या. मग ते गिळलं. मग सूर्याकडे तोंड केलं, डोळे मिटले, आणि बोटानं डावा गाल बाहेर ओढून तोंड जेवढं उघडता येईल तेवढं उघडून उन्हात धरलं. तशाच बसून राहिल्या. दुखत असणार, कारण गुडघा सारखा हलत होता.

सर खाली गेले. ओरडतील असं मला वाटलं. ते पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. मी मागोमाग जाऊन पायरीवरच्या दारात थांबले.

"किती दिवस झाले, ताई?"

हौसाबाईंनी तोंड मिटलं. पेला पदराआड नेला, मग लपवून काही उपयोग नाही हे कळून बाहेर काढला. "म्हईना झाला. वरती काई दिवस," त्या म्हणाल्या. "चोरी केली मी सर. पर पहिल्या धुवणातलंच घेतलं. चांगल्यातलं न्हाई."

"तोंड दाखवा."

त्यांनी दाखवलं. सरांनी आत पाहिलं आणि मग खाली जमिनीकडे पाहत राहिले. नंतर कळलं ते असं. गालात आतून जखम झाली होती, भरत नव्हती. गावातल्या शिबिरात डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात धाडलं, तिथे तुकडा काढून तपासला. ऑपरेशन लगेच करा म्हणाले, तारीखही दिली. ती तारीख निघून गेली होती.

सरांनी तिथूनच त्यांच्या मुलाला फोन लावला. फोनवरचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. "सर, तुमीच औषध देताय ना? आई म्हनली, कालेजातच इलाज चालू हाय, कापायची गरज न्हाई. म्हनून तर आमी तारीख पुढं ढकलली. आमी रोज तुमचं नाव घेतो सर."

सरांनी फोन बंद केला.  

"या," ते म्हणाले. आम्ही तिघं वर माझ्या खोलीत गेलो.  जुन्या ताटल्यांचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो होते, ते सरांनी मला मांडायला सांगितले. या वेळी दोन्ही.

"ही आजारी पेशींची. ही तुम्ही बघितलीय. आणि ही चांगल्या पेशींची. ही मी तुम्हाला दाखवली नव्हती."

हौसाबाई वाकून बघत राहिल्या. "ह्या बी निळ्या हायत."

"हो. आमच्या कणाला अजून माणूस ओळखता येत नाही. ही ताटली आहे ताई, गाल नाही. गालात रक्त असतं, हाड असतं. तोंडात धरलेलं पाणी गाठीच्या आत शिरत नाही. गिळलं की ते पोटात जातं, तिथून कुठे जातं ते आम्हाला धड माहीत नाही. आणि ऊन इतकं पसरलेलं असतं की त्यानं कण तापत नाहीत."

"पर उनात हिरवा हाय. तुमीच म्हनला."

"म्हणालो," सर म्हणाले. "खरं होतं ते. पण पुरेसं नव्हतं."

हौसाबाई स्टुलावर बसल्या.  त्यांनी विचारलं, "म्हंजे हे माझ्यासाठी न्हाई."

माझ्या ओठांवर काहीतरी बरं, मऊ वाक्य आलं होतं. सरांनी हातानं मला थांबवलं.

"नाही ताई," ते म्हणाले. "तुमच्यासाठी नाही."

"मंग कोनासाठी करतो आपन?"

"माहीत नाही. पुढे कधीतरी कुणासाठी तरी होईल, असं वाटतं म्हणून करतो. तुमच्यासाठी आज ऑपरेशन आहे. दुसरं काही नाही."

हौसाबाई रडल्या नाहीत. रडले ते सर. उभ्या उभ्या, चष्मा न काढता. हौसाबाईच उठून म्हणाल्या, "चला मंग, कवा जायाचं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. पुढचे सगळे दिवसही तेच सोबत जात राहिले. ऑपरेशनमध्ये डावीकडचा जबडा काढावा लागला. वेळेत आल्या असत्या तर एवढं काढावं लागलं असतं का, हे सरांनी डॉक्टरांना माझ्यासमोर विचारलं. डॉक्टर सज्जन होते, म्हणाले, सांगता येत नाही. सरांना त्या उत्तरानं काहीच सुटका मिळाली नाही.

हौसाबाई परत कामावर आल्या. बोलणं अस्पष्ट झालं होतं. आम्हाला समजायचं, बाकीच्यांना नाही. सात पाणी त्याच निगुतीनं. पण दीड वर्षानं मानेत गाठ आली, आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. सुप्याच्या अलीकडे त्यांच्या गावी आम्ही गेलो तेव्हा ते कात्रण भिंतीवर तसंच होतं. त्यांचा मुलगा सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी त्याला मधेच धरलं आणि म्हणाले, "नको बाळ. मला हे झेपणार नाही."

त्यांनी काम सोडलं नाही. लोकांना वाटलं होतं सोडतील. ते घर चुकणाऱ्या कणाच्या मागे आणखी हट्टानं लागले. कर्करोगाच्या पेशीलाच चिकटेल असं काही त्याच्या अंगावर बसवायचा प्रयत्न करत राहिले, आणि निवृत्त होईपर्यंत थोडंफार जमलंही. दुसऱ्या, निरोगी पेशींच्या ताटलीत आता निळं कमी दिसू लागलं. भांडी मात्र ते स्वतःच धुवायचे. नवा परिचर आला, त्याला धुऊ दिली नाहीत. आणि व्याख्यानाला कुठेही बोलावलं, तर पहिलं वाक्य ठरलेलं: "मी जे सांगणार आहे, त्यानं अजून एकही माणूस बरा झालेला नाही." आयोजकांची तोंडं उतरायची. प्राचार्यांनी एकदा सांगून पाहिलं की सर, निदान हे शेवटी तरी म्हणा. सर म्हणाले, "शेवटपर्यंत लोक ऐकत नाहीत." मला नंतर एकदाच त्या विषयावर बोलले. म्हणाले, "मॅडम, तिनं एकही गोष्ट चुकीची ऐकली नव्हती. तिनं सगळं बरोबर जोडलं. मीच अर्धं सांगितलं होतं." मी म्हटलं, "आपण दोघांनी." त्यांनी मान हलवली, पण मला वाटा दिला नाही.

निवृत्तीनंतर आमची गाठ पडेनाशी झाली. गेल्या वर्षी नणंदेला घेऊन मी शहरातल्या एका दवाखान्याच्या किरणोपचार विभागात गेले होते. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, माणसं कागदाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. पलीकडच्या बाकावर सर दिसले. मला वाटलं, तेही उपचारालाच आलेत. पण ते आजारी नव्हते. तिथल्या सिस्टरनं सांगितलं, "मनियार काका? ते तर आठवड्यातून तीन दिवस असतात. ज्यांच्यासोबत कुणी नसतं त्यांच्याजवळ बसतात. फॉर्म भरून देतात, जे घाबरून निघून जायला बघतात त्यांना धरून ठेवतात."

मी उठून जाणार तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या माणसानं त्यांच्यापुढे मोबाईल धरला. भंडारदऱ्याकडचा कुणी होता, पन्नाशीचा, गळ्याला मफलर. पलीकडे त्याची बायको पिशवी पायाशी ठेवून बसलेली.

"काका, हे वाचा जरा. भाच्यानं धाडलंय. सोन्याचे बारीक बारीक कन हायत म्हनं. उजेड मारला का गाठ जळती. भाजनं न्हाई, कापनं न्हाई. खरं हाय का हे?"

सरांनी मोबाईल घेतला. चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरून वाचायला लागले. वरवर नाही. बोटानं एकेक ओळ सरकवत, शेवटपर्यंत, मग पुन्हा वर जाऊन एकदा. तो माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याची बायकोही बघत होती. आणि इकडून मी.

"खरं आहे," सर म्हणाले. "मी हेच काम करायचो."

माणूस हरखला. अर्धवट उठलाच. "तुमी सोता? मंग काका, मी थांबू का? चार-सहा म्हईनं थांबायची तयारी हाय माझी. ह्या मशीनीचं लई भ्या वाटतं मला."

आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. सरांनी मोबाईल बंद करून त्याच्या हातात दिला. त्याच्या बायकोच्या पायाशी असलेली पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली, आणि दुसरा हात त्याच्या दंडाला घातला.

"तुमचा नंबर आलाय," ते म्हणाले. "उठा."